कोकणात घर बांधताय? आधी छप्पर ठरवा, मग खोल्या

गावाला घर बांधायचं ठरलं की कंत्राटदार पहिला प्रश्न विचारतो, "खोल्या किती?" आम्हीही तिथूनच सुरुवात केली आणि तिथेच चुकलो. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे घराचं छप्पर कसं असेल हे आधी ठरलं पाहिजे. खोल्या, खिडक्या, फरशी, सगळं त्याच्या मागून येतं.

स्लॅब की कौलं

स्लॅबच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पुढेमागे वर मजला चढवता येतो, पाण्याची टाकी ठेवायला जागा मिळते, मे महिन्यात आंबोशी आणि कोकमं वाळत घालायला गच्ची मिळते. वानरांचा उपद्रव असेल तर स्लॅबला तोड नाही. ज्यांच्या वाडीत वानरांची टोळी रोज फिरते त्यांनाच ठाऊक, एका सकाळी किती कौलं फुटतात ते. आणि ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा पत्रे आणि कौलं कशी उडाली, हे रायगडात आणि दापोली-मंडणगडकडे लोक अजून विसरलेले नाहीत.

पण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब खाली सोडतो. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली झोपूनही अंग चिकटतं. दुसरं, सपाट गच्चीवर पाणी जरा जरी साचलं तरी ते वाट शोधतंच. कोबा केला, टाइलचे तुकडे (चिप्स) बसवले, रसायन लावलं, तरी काही वर्षांत कुठेतरी ओल उतरते. आमच्या रस्त्यावरची स्लॅबची घरं बघा, बहुतेकांनी वर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा घातला आहे. म्हणजे छपराचा खर्च दोनदा झाला.

मंगलोरी कौलं आपल्या किनाऱ्यावर रुळली त्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ झाला. बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला तो १८६५ साली. उतारावरून पाणी थांबत नाही, कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, आणि गळलंच तर एक कौल बदलून भागतं. मात्र दरवर्षी मे महिन्यात शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा नीट बसवणं, करावीच लागते, आणि त्यासाठी माणसं मिळणं वर्षागणिक अवघड होतंय. तुम्ही मुंबईत राहून फक्त गणपती आणि शिमग्याला येणार असाल, तर हे नीट धरून चाला. वाशांच्या ऐवजी लोखंडी ट्यूब घातली तर वाळवीची चिंता मिटते, पण खाऱ्या हवेत ती गंजते. जस्ताचा मुलामा दिलेली घ्या, आणि जिथे वेल्डिंग होईल तिथे पुन्हा प्राइमर मारून घ्या.

आम्ही मधला मार्ग घेतला. माजघर, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरावर स्लॅब, पुढच्या-मागच्या पडव्या आणि सासूबाईंच्या खोलीवर कौलं. हा मार्ग मला आजही पटतो, पण त्यातला एक सांधा नीट समजून घ्या. कौलांचं छप्पर जिथे स्लॅबच्या उंच भिंतीला टेकतं, तिथे आमच्या कंत्राटदाराने नुसता सिमेंटचा गोळा ओढला. पहिल्याच आषाढात त्याला केसाएवढी चीर गेली. पाणी आतून भिंतीवर उतरलं, बरोबर सासूबाईंच्या खाटेमागे. सकाळी उशीच्या वर हातभर रुंद काळपट डाग दिसला. नंतर दुसऱ्या गवंड्याने भिंतीत इंचभर खाच मारली, त्यात ॲल्युमिनियमची पट्टी खोचून ती कौलांवर दुमडली आणि खाच बुजवली. तेव्हापासून थेंब नाही. ही पट्टी आधीच करारात लिहून घ्या.

चिरा की वीट

जवळपास चांगली खाण असेल तर मी चिराच, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळाच सांगेन. नऊ इंची भिंत, बाहेरून गिलावा नको, चिऱ्यांमधल्या दर्जा (फटी) नीट भरल्या की झालं. जांभा खाणीतून काढल्यावर हवेत कठीण होत जातो, म्हणून ताजा चिरा लगेच बांधकामाला लावू नये. त्याचा दोष एकच आणि तो मोठा: तो पाणी पितो. नैर्ऋत्येकडून येणारी झड ज्या भिंतीवर बसते, तिथे छपराची वळचण किमान तीन फूट बाहेर हवी. ती नसेल तर वीट आणि गिलावा बरा. आतून मात्र गिलावा कराच, नाहीतर तांबडी भुकटी झडत राहते. आणि भिंत कशाचीही असो, लिंटेलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या कडेच्या पातळीवर चारी बाजूंनी सलग फिरणारा बिम सोडू नका.

मोठा हॉल की पडवी

शहरातल्या फ्लॅटचा नकाशा इथे आणला की दारातून थेट हॉल येतो. मग ओल्या छत्र्या, चिखलाच्या चपला, न वाळलेले कपडे जाणार कुठे? हॉल चार फुटांनी कमी करा, पण सात-आठ फूट रुंदीची पडवी ठेवा. उघडं स्वयंपाकघर दिसायला छान असतं, पण मासे तळले की वास सोफ्यापर्यंत जातो. शिवाय मागच्या दारी जायला स्वयंपाकघरातूनच वाट हवी.

एक झोपायची खोली आणि तिला लागून न्हाणीघर तळमजल्यावर असू द्या. न्हाणीघराचं दार अडीच फुटांचं करण्याची पद्धत आहे. आम्ही तीन फूट केलं. सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर त्याच दारातून सरळ गेला.

फरशी

दुकानात चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स मन ओढून घेतात. डाग पडत नाहीत, पाणी शोषत नाहीत, हे खरं. पण पावसाळ्यात दमट हवेने त्यांना घाम सुटतो, आणि त्या घामावरून म्हातारं माणूस घसरतं. घ्यायच्याच तर खरखरीत फिनिशच्या घ्या. दुकानात फरशीवर पाणी ओतून, अनवाणी उभं राहून बघा. दुकानदार नाही म्हणत नाही.

कोटा दगडाची फरशी स्वस्त पडते आणि पायाला बरी वाटते. जड पाटा-वरवंटा ठेवला तरी कोट्याला काही होत नाही. पण तो चुनखडीचा दगड, आंबट त्याला सोसत नाही. आमच्या मागच्या पडवीत कोकमाच्या आगळाची (आंबट रसाची) बाटली कलंडली. लगेच पुसलं, तरी कोट्याची चमक जाऊन बशीएवढा फिकट गोल उमटला, तो अजून आहे. म्हणून स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात खरखरीत टाइल, पडव्यांत आणि माजघरात कोटा, ही वाटणी मला योग्य वाटते. ओट्याला ग्रॅनाइट घ्या, आणि उंची रोज स्वयंपाक करणारीच्या कोपराशी मापून ठरवा.

खिडक्यांबद्दल थोडंच. स्लायडिंग निम्मीच उघडते आणि खालच्या खोबणीत झडीचं पाणी साचतं. लाकडी झडपा पावसात फुगतात, पण पूर्ण उघडतात. वर रुंद छज्जा असेल तर लाकूड, नसेल तर ॲल्युमिनियमची, बाहेर उघडणारी.

पैसे कमी पडले तेव्हा आम्ही फॉल्स सीलिंग आणि दर्शनी भिंतीवरचं क्लॅडिंग काढून टाकलं. त्या पैशात मागची पडवी पूर्ण झाली. जुलैत बाहेर धो धो कोसळत असताना सासूबाई तिथे खुर्ची टाकून फणसाच्या आठळ्या सोलत बसतात, आणि पागोळ्यांचं पाणी त्यांच्या पायांपासून तीन फूट लांब पडतं.