सीआयडीपी समजून घेऊन व्यायाम घेणारे फिजिओ, घरी येतात (विश्रामबाग, सांगली)

आमच्या अण्णांना सीआयडीपी आहे. पूर्ण नाव क्रॉनिक इन्फ्लमेटरी डिमायलिनेटिंग पॉलिन्यूरोपथी, म्हणजे नसांवरचं आवरण खराब होऊन हातापायातली ताकद जाते तो आजार, आणि हे नाव कळायलाच आम्हाला पाच महिने लागले म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कुणाच्या तरी घरी उपयोग होईल.

2024 च्या नवरात्रात अण्णांच्या पायातली चप्पल चालता चालता निघून जायची आणि त्यांना कळायचंच नाही. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत तीस वर्षं दिवाणजी होते, दिवाळीपर्यंत त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात, जमिनीवरनं उठायला दोघांचा आधार लागायचा. एका ठिकाणी शुगरमुळं म्हणाले, दुसरीकडं बी12 ची इंजेक्शनं दिली. जानेवारीत पुण्यात जीबीएसची (गिलन-बारे सिंड्रोम, अचानक हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) साथ आली तसे पाहुण्यांचे फोन सुरू, हेच झालंय म्हणून. दोन्ही आजारांत आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते हे खरं, पण जीबीएस चार आठवड्यांच्या आत काय वाढायचं ते वाढतो आणि हा आठ आठवड्यांच्या पुढंही वाढत राहतो किंवा परत परत उलटतो. शेवटी मिरजेत न्यूरोच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय हललाच नाही, मग एनसीव्ही, म्हणजे नसांतनं करंट किती वेगानं जातो ती तपासणी, केली, पाठीतलं पाणी काढून तपासलं, त्यात प्रोटीन वाढलेलं आणि पेशी नॉर्मल, तेव्हा निदान झालं.

आता फिजिओबद्दल. याआधी एकजण यायचे ते लकव्याचा पेशंट समजून दमेपर्यंत व्यायाम घ्यायचे, दुसऱ्या दिवशी अण्णा अंथरुणातनं उठायचे नाहीत. या मॅडमनी पहिल्या दिवशी व्यायाम घेतलाच नाही, तासभर फाईल वाचत बसल्या आणि अण्णांनाच विचारत होत्या काय जमतं, काय नाही. मग सांगितलं, शेतातल्या मोटारीची केबल उंदरानं कुरतडली तर मोटार बिघडलेली नसते, करंट नीट पोचत नाही, तुमचे स्नायू म्हणजे ती मोटार, नसांवरचं मायलिनचं आवरण खराब झालंय. ते आवरण व्यायामानं बरं होत नाही, त्याला आयव्हीआयजी (हजारो लोकांच्या प्लाझ्मापासनं, म्हणजे रक्तातल्या पातळ भागापासनं, बनवलेलं औषध) नाहीतर स्टेरॉइड नाहीतर प्लाझ्मा बदलणं हे मुख्य उपचार, व्यायाम कशासाठी तर तोपर्यंत सांधे आखडू नयेत आणि मोटार गंजू नये. अण्णांना हे एका फटक्यात पटलं, नाहीतर ते स्वतःलाच दोष देत होते की मीच जोर लावत नाही.

आणखी एक, जे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आंघोळीला साबण लावून डोळे मिटले की अण्णा झोकांडी जायचे, आम्हाला वाटायचं बीपी आहे. मॅडम म्हणाल्या पाय कुठं आहे हे सांगणाऱ्या नसाही अधू झाल्यात, म्हणून तोल ते डोळ्यांनी सांभाळतात. त्याच दिवशी बाथरूममध्ये स्टूल आलं आणि रात्रभर लाईट चालू ठेवायला लागलो.

पण मी पाच स्टार देतोय ते वहीसाठी. आठवड्यातनं दोनदा मुठीची ताकद मशीनवर मोजतात, दहा मीटर चालायला किती सेकंद लागले ते लिहितात. आयव्हीआयजी पहिल्यांदा वजनाच्या हिशोबानं किलोला 2 ग्रॅम देतात, अण्णांचं वजन 60 किलो म्हणजे 120 ग्रॅम, पाच दिवसांत विभागून दिलं होतं. नंतर दर चार आठवड्यांनी कमी डोस. वहीत दिसलं की डोसनंतर उजवी मूठ 20 किलोवर जाते आणि चौथ्या आठवड्यात 14 वर येते, दर वेळी तसंच. आम्ही आपलं म्हणायचो वय झालं, उन्हाळा आहे. वही डॉक्टरांना दाखवली, त्यांनी अंतर तीन आठवडे केलं आणि ती घसरण थांबली. आम्ही नुसतं तोंडी, जरा अशक्त वाटतंय डॉक्टर, म्हणत राहिलो असतो तर अजून किती महिने गेले असते देव जाणे.

एक तक्रार आहे, फोन पटकन उचलत नाहीत आणि मधे पंधरा दिवस स्वतःऐवजी दुसरा एक फिजिओ मुलगा पाठवला होता, चांगला होता पण अण्णांना नवीन माणसाशी जुळायला वेळ लागतो. रविवारी येत नाहीत. फी प्रत्येक व्हिजिटला घेतात, पॅकेजचा आग्रह नाही.

पाऊल उचलून धरायचा स्प्लिंट बुटात घालायलाही त्यांनीच शिकवलं. परवा अण्णा काठी घेऊन गणपती मंदिरापर्यंत गेले, परत येताना रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला सुट्टे पैसे स्वतः खिशातनं काढून दिले. बोलवणार असाल तर एनसीव्हीचा रिपोर्ट आणि डोसच्या तारखा हाताशी ठेवा, पहिल्याच दिवशी मागतात.