प्लिकर्स कार्डं इंग्रजीच्या तासाला: जूनपासून वापरतेय, खरं काय ते सांगते

मी जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. जूनमध्ये प्लिकर्स सुरू केलं, आता दुसरं सत्र संपत आलंय, तेव्हा म्हटलं लिहून टाकावं कारण ट्रेनिंगमध्ये या ॲपचा डेमो सगळेच बघतात, टाळ्या वाजवतात आणि शाळेत गेल्यावर कोणी हात लावत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. मुलांकडे मोबाइल लागत नाही, फक्त मॅडमच्या हातात एक. प्रत्येक मुलाला एक छापलेलं कार्ड, त्यावर काळा चौकटी-चौकटीचा आकार, चार बाजूंना बारीक अक्षरात ए बी सी डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं, मी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कोणी काय उत्तर दिलं ते नावानिशी दिसतं. कार्डं त्यांच्या साइटवर फुकट मिळतात, ४० चा सेट डाउनलोड करून प्रिंट मारायची. कार्डाचा नंबर म्हणजेच हजेरी क्रमांक ठेवला की झालं, आणि तोच गठ्ठा तिन्ही वर्गांना चालतो. पालकांना वाटतं हे क्यूआर कोड आहेत. आपल्याकडे डिसले सरांमुळे (२०२० चं ग्लोबल टीचर प्राइज, परितेवाडीवाले) क्यूआर कोड गावोगावी माहीत झालेत, बालभारतीच्या पुस्तकातही आहेत, पण तो स्कॅन करायला घरी स्मार्टफोन लागतो आणि आमच्याकडे तो संध्याकाळी वडील आल्यावर मिळतो, तेही त्यांचा मूड असेल तर.

काहूट (मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर खेळायचं क्विझचं ॲप) पण छान आहे, नाही म्हणत नाही, पण तिथे प्रत्येकाला किंवा निदान प्रत्येक गटाला एक डिव्हाइस पाहिजे, शिवाय लवकर उत्तर दिलं की जास्त पॉइंट. भाषेच्या तासाला मला हे पटत नाही. अक्षर अक्षर जुळवत वाचणारं पोरगं प्रश्न वाचेपर्यंत पुढच्या बाकावरच्यांचा निकाल लागलेला असतो. कार्डांमध्ये घड्याळच नाही. सगळ्यांची कार्डं वर येईपर्यंत मी थांबते, बस.

आता मुद्द्याचं. पहिले काही आठवडे मुलं नुसती कार्डांवर खूश होती, प्रोजेक्टरने बोर्डवर दिसणाऱ्या आपल्या नावासमोर खूण आली की ओरडायची, "मॅडम माझं आलं का, माझं आलं का?" ती नवलाई गणपतीपर्यंत ओसरली. जे टिकलं ते वेगळंच आहे. रोज हात वर करणारी पाच-सहा मुलं सोडून बाकीच्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला पहिल्यांदा दिसायला लागलं, आणि खरं सांगू, बरोबर उत्तरांपेक्षा चुकीची उत्तरं बघायला मजा येते.

एक उदाहरण देते. प्रश्न होता, आय ॲम अफ्रेड डॅश डॉग्ज. पर्याय ऑफ, टू, फ्रॉम, विथ. बऱ्याच जणांनी टू दिलं, साहजिक आहे, आपण कुत्र्याला भितो ना! पण फ्रॉमवर मोजकी नावं होती आणि ती सगळी वीटभट्टीवरची, घरी हिंदी बोलणारी मुलं. कुत्ते से डरता हूँ, म्हणून फ्रॉम. वही तपासताना मी दोन्हीवर लाल फुली मारून पुढे गेले असते. इथे एका स्क्रीनवर कळलं की चूक एक नाही, दोन आहेत, आणि दोघांना वेगवेगळं समजवावं लागणार.

दुसरं अ आणि ॲनचं. मुलांनी पाठ केलेलं असतं की ए ई आय ओ यू आलं की ॲन, त्यामुळे युनिफॉर्मच्या आधी अर्ध्याहून जास्त वर्ग ॲन लावतो आणि अवरच्या आधी अ, कारण स्पेलिंग एच पासून. अशा वेळी मी उत्तर सांगत नाही. हार्वर्डचे फिजिक्सचे एरिक माझुर १९९० च्या दशकापासून हे करतात, साधारण ३० ते ७० टक्के वर्ग बरोबर असेल तर शेजाऱ्याशी भांडा, पटवा आणि परत मत द्या. आमच्याकडे भांडा म्हटल्यावर सांगायलाच नको. त्या भांडणातून सातवीच्या एका मुलीने शोधलं की शब्द मराठीत लिहून बघायचा, युनिफॉर्म य पासून म्हणून अ, अवर आणि अंब्रेला स्वरापासून म्हणून ॲन. पुढच्या आठवड्यात वन रुपी कॉइन दिलं तर स्पेलिंग ओ पासून असूनही बहुतेकांनी अ लावलं. मला दोन तास लागले असते हे शिकवायला.

ऐकण्यासाठी तर ही कार्डं मला सगळ्यात जास्त आवडली आणि याबद्दल कुठेच कोणी बोलत नाही. बोर्डवर काही दाखवायचं नाही. परीक्षा म्हणजे ए, चव म्हणजे बी, आणि मी नुसतं बोलायचं, टेस्ट. आपण दोन्ही टेस्टच लिहितो आणि टेस्टच बोलतो, त्यामुळे इंग्रजीतला फरक मुलांच्या कानाला कधी पडलेलाच नसतो. लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन, वर्तमानपत्राचा पेपर आणि मिऱ्याचा पेपर, सगळं याच पद्धतीने घेतलं. सुरुवातीला निकाल छापाकाट्याच्या वरचा नव्हता. आता बरा आहे. या निमित्ताने माझे स्वतःचे उच्चार मला घरी रेकॉर्डिंग ऐकून घासावे लागले ते सोडा.

तोटे आहेतच. मुलं पर्याय ओळखतात पण तेच वाक्य तोंडाने येत नाही. डझ ओळखणारी मुलगी मैदानात ही डू नॉट प्लेच म्हणते. कार्डांनी बोलणं शिकवलं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. म्हणून मी प्रत्येक प्रश्नानंतर दोघा-तिघांना उभं करून तसंच नवीन वाक्य बोलायला लावते, यात वेळ जातो, पण नाहीतर तो नुसता मतदानाचा खेळ होतो. फुकटच्या व्हर्जनमध्ये प्रश्नांच्या एका सेटला पाचच प्रश्न टाकता येतात, मला उलट तेच बरं वाटतं, पाचाच्या पुढे ३५ मिनिटांच्या तासात जायचंच नसतं. आमच्याकडे रेंज फक्त खिडकीपाशी असते, त्यामुळे प्रश्न आदल्या रात्री घरून टाकून ठेवते. लाइट गेली तर प्रोजेक्टर बंद, मग प्रश्न फळ्यावर खडूने, मोबाइल चालतोच.

आणि पोरं ती पोरं. एका जोडगोळीने एकमेकांच्या कार्डाचा आकार पाठ केला, कोणती बाजू वर आहे ते न वाचता ओळखायचे (प्रत्येक कार्ड वेगळं असतं म्हणून नक्कल होत नाही म्हणतात, आठवीला विचारा). जागा बदलल्या, विषय संपला.

करणार असाल तर कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका, शेजारच्या शाळेतल्या सरांनी हौसेने केलं आणि उजेड चमकून निम्मी कार्डं स्कॅनच होईनात. साध्या कागदावर गडद काळी प्रिंट काढून जुन्या वह्यांच्या कव्हरवर चिकटवा, बोटं काळ्या भागावर येऊ देऊ नका, पाच-सहा कार्डं जास्तीची छापा कारण पावसाळ्यात दप्तरात भिजतात. मी तर आता कार्डं घरी देतच नाही, तास संपला की मॉनिटर गोळा करून कपाटात ठेवतो.