डाउनलोड वाढले, ऐकणारे होते तेवढेच राहिले

जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसांशी गप्पा मारायचा पॉडकास्ट मी गेली पाच वर्षं करते. घड्याळं, रेडिओ, शिलाई मशीन. चाळीसेक मिनिटांचा भाग असतो आणि त्यातली शेवटची सात-आठ मिनिटं श्रोत्यांच्या प्रश्नांची. माझे पैसे गेले ते गेलेच, पण त्या शेवटच्या मिनिटांचं जे झालं ते मला जास्त लागलं, म्हणून आधी त्यांचा उल्लेख.

२०२३ च्या शेवटी माझे डाउनलोड उतरायला लागले. कारण पुढे कळलं. त्या सप्टेंबरात आयफोनची नवी प्रणाली, आयओएस १७, आली आणि ॲपल पॉडकास्टनं आपोआप होणाऱ्या डाउनलोडची पद्धत बदलली. आधी कुणी बरेच दिवस ऐकणं सोडून पुन्हा एखादा भाग लावला, की मधले राहिलेले सगळे भाग त्याच्या फोनवर उतरायचे. ते बंद झालं. म्हणजे गळले ते बहुतेक कुणीच न ऐकलेले डाउनलोड. माणसं होती तिथेच होती. मला मात्र तेव्हा फक्त खाली जाणारी रेघ दिसत होती. रात्री झोपण्याआधी आकडा बघायचा आणि सकाळी उठल्याबरोबर पुन्हा बघायचा, असं चाललं होतं.

नेमका तेव्हाच डाउनलोड वाढवून देणाऱ्या एका माणसाचा मेसेज आला. ‘मॅडम, तुमचा कंटेंट भारी आहे, फक्त रीच कमी पडतोय.’ त्यानं माझे दोन भाग ऐकल्याचं सांगितलं, पाहुण्यांची नावंही बरोबर घेतली. (ती नावं भागाच्या वर्णनातच असतात, हे तेव्हा सुचलं नाही.) पासवर्ड मागितला नाही, फक्त फीडची (ज्या यादीतून ॲप माझे भाग उचलतात तिची) लिंक मागितली, त्यामुळे विश्वास बसला. फीडची लिंक तर सगळ्यांसाठी खुलीच असते. पुढच्या तीन भागांना ठरावीक डाउनलोडची हमी, पैसे आगाऊ. त्यासाठी मी नव्या माइकसाठी बाजूला ठेवलेली रक्कम दिली.

आकडे आले. चौथ्या दिवशीच नेहमीच्या सहापट. मला खरंच भरून आलं, घरात सगळ्यांना फोन दाखवत फिरले. तीनपैकी एका भागात पाहुणे खूप बोलले होते, म्हणून प्रश्नांचा भाग मी गाळला होता, आणि सगळ्यांत जास्त डाउनलोड त्यालाच दिसत होते. मी अर्थ लावला: लोकांना प्रश्नोत्तरं नको आहेत. पुढच्या भागापासून ती बंद केली. त्याच आकड्यांवर एका प्रायोजकाशी बोलणं झालं. दर हजार डाउनलोडमागे पैसे, असं ठरलं.

महिन्याभरानं एका जुन्या श्रोत्याचा मेल आला. ‘ताई, प्रश्न घेणं बंद केलंत का? मी तेवढ्यासाठी शेवटपर्यंत थांबायचो.’ आणखी दोघांनी तेच लिहिलं. सहापट डाउनलोड असलेल्या भागांबद्दल मात्र एकाही नव्या माणसाचा मेल नव्हता. प्रायोजकानं दिलेला सवलतीचा कोडही कुणी वापरला नव्हता.

तेव्हा पहिल्यांदा मी डाउनलोड सोडून बाकीचे आकडे उघडले. ॲपलच्या अहवालात ‘एंगेज्ड लिसनर’ असा एक आकडा असतो. एखाद्या भागाची किमान २० मिनिटं किंवा ४० टक्के ऐकणारी माणसंच त्यात धरतात. तो आकडा जिथल्या तिथे होता. स्पॉटिफायवर भाग किती वेळा एक मिनिटाच्या पुढे ऐकला गेला ते दिसत होतं, तेही तेवढंच. मग जुन्या भागांमध्ये कुठल्या मिनिटाला किती जण ऐकत होते, ते आलेख बघितले. पहिल्या दोन मिनिटांत रेघ घसरते, मग सपाट चालते, आणि प्रश्नोत्तरांपाशी किंचित वर उचलते. म्हणजे लोक मधलं ओलांडून तिथे येत होते. नको म्हणून मी जे काढून टाकलं, त्यासाठीच ती माणसं थांबत होती.

भाग जिथे साठवलेले असतात त्या होस्टिंग सेवेच्या अहवालात तासागणिक डाउनलोड दिसतात. माझ्या श्रोत्यांचा आलेख सकाळी आणि संध्याकाळी फुगतो, पहाटे तीनला जवळपास शून्य असतो. या तीन भागांचा पहाटे तीनला जेवढा, तेवढाच दुपारी तीनला. होस्टिंगच्या मदत विभागानं तपासून सांगितलं की फाइलसाठीच्या बहुतेक मागण्या एकाच वेब पानावरच्या प्लेअरमधून आल्या होत्या. पान उघडलं की तो आपोआप फाइल ओढायला लागायचा. गेममध्ये बक्षीस मिळवण्यासाठी लोक जाहिरातीवर बोट ठेवतात, तसलं पान. माणसं खरी, फोन खरे, पण भाग लागलाय हेही त्यांना माहीत नसावं.

मग मोजणीत हे पकडलं कसं गेलं नाही? आयएबी टेक लॅब या ऑनलाइन जाहिरात क्षेत्रातल्या संस्थेच्या नियमांप्रमाणे किमान एक मिनिट भरेल एवढा ऑडिओ गेला तरच डाउनलोड धरतात, आणि एकाच आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) त्याच ॲपनं २४ तासांत पुन्हा मागितलं तर ते एकदाच मोजतात. नियम चांगले आहेत, यंत्रांनी केलेल्या पुष्कळ मागण्या त्यात गळतात. पण एका मिनिटाची फाइल क्षणात उतरते. ती फोनवर गेली एवढं सर्व्हरला कळतं, कानावर गेली का ते कळत नाही. आणि प्रत्येक फोन, त्याचा आयपी वेगळा असेल तर प्रत्येक डाउनलोड वेगळा मोजला जाऊ शकतो.

मी पैसे परत मागितले. त्यानं आमचा करार पुढे केला. त्यात ‘श्रोते’ हा शब्द कुठेच नव्हता, फक्त ‘डाउनलोड’ होता, आणि ते त्यानं दिले होते. पुढे त्यानं उत्तर देणं बंद केलं. म्हणून कळकळीनं सांगते, कुणी आकड्याची हमी देत असेल तर आधी विचारा: ही माणसं कुठल्या ॲपवरून, कुठल्या पानावरून येणार? भाग सरासरी किती मिनिटं ऐकला जाईल, हे लिहून देता का? मी विचारलं असतं तर त्याला तिथेच थांबावं लागलं असतं.

प्रायोजकाला मी स्वतः फोन केला, सगळं सांगितलं आणि घेतलेले पैसे परत केले. त्यांनी ऐकून घेतलं, पण करार मोडला. प्रश्नोत्तरं पुन्हा सुरू केली आहेत, ‘ताई’ म्हणून लिहिणाऱ्या त्या श्रोत्याचाच प्रश्न पहिला घेतला. आता प्रायोजकांना देते त्या कागदावर एंगेज्ड लिसनरचा आकडा सगळ्यांत वर असतो. त्या तीन भागांच्या डाउनलोडच्या जागी ‘बाद’ लिहिलंय, आणि कुणी विचारलं तर कारणही सांगते.