दागिन्यातून काढलेले, भोक पडलेले चांदीचे रुपये ऑनलाइन घेतले : नऊ महिन्यांनंतर

गेल्या गणपतीत पहिला रुपया मागवला. आज माझ्याकडे एकोणीस ब्रिटिशकालीन चांदीचे रुपये आहेत आणि त्यातले चौदा सदोष आहेत. कुणावर डाखाची, म्हणजे दागिन्याची कडी जोडताना वितळवून लावलेल्या धातूची खूण, कुणाला भोक, कुणी घासूनपुसून चकचकीत केलेला. मी ते जाणूनबुजून घेतले. निर्दोष नाण्याला मोठी रक्कम मोजायची तर आधी नजर तयार हवी, आणि माझी नव्हती.

पहिलं नाणं पंचम जॉर्जचं, १९१८ सालचं. विक्रेत्याने स्वच्छ लिहिलं होतं, 'दागिन्यातून काढलेले'. हातात घेतलं तर राजाच्या मुकुटावर, अगदी कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा करडा डाख होता आणि त्याच्या आजूबाजूचे कडेचे दाते सपाट झाले होते. राजाचा चेहरा ठीक होता, मागची नक्षी मात्र गुळगुळीत. मग लक्षात आलं, मागची बाजू कुणाच्या तरी गळ्याशी वर्षानुवर्षं घासत होती. भिंग लावल्यावर तळाच्या कमळाखाली इवलासा ठिपका दिसला, म्हणजे हे मुंबई टाकसाळीचं. ठिपका नसता तर कलकत्त्याचं. एका नाण्याने तासाभरात इतकं शिकवलं.

भाव कसा ठरवायचा ते आधी सांगते. या रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. आपला 'रुपयाभार' तोच. चांदी ९१.७ टक्के, म्हणजे निव्वळ चांदी साधारण १०.७ ग्रॅम. त्या दिवसाच्या भावाने गुणलं की चांदीची किंमत कळते. डाखाच्या नाण्याला मी त्याच्या वर दहा टक्क्यांहून जास्त देत नाही. १९१७-१८चे रुपये अमाप निघाले. महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेने १९१८च्या पिटमन कायद्याखाली सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानासाठी आली. त्यामुळे या सालांचा चांगला रुपयाही आवाक्यात मिळतो आणि सदोष नाण्याला चढा भाव द्यायचं काहीच कारण नाही. आणखी एक, १९४०पासून रुपयात चांदी ५० टक्केच राहिली. १९४४चा रुपया जुन्याच भावात गळ्यात मारणारे भेटतात, साल बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

फसले ती १९११च्या रुपयात. त्या वर्षीच्या नाण्यावर राजाच्या वस्त्रावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२मध्ये नक्षी सुधारली. म्हणून संग्राहक त्याला 'पिग रुपी' म्हणतात आणि किंमतही तशीच असते. लिस्टिंगमध्ये दोषाचा उल्लेख नव्हता. फोटोत नाणं दोन बोटांत धरलेलं होतं. घरी आल्यावर काट्यावर ठेवलं, ११.३१ ग्रॅम. इतकी घट झिजेने व्हायची तर चेहरा पुसट हवा, तो तर ठसठशीत होता. कड फिरवून पाहिली आणि काळजात धस्स झालं. वरच्या बाजूला कडी कापून कानस मारली होती आणि हाताने नवे दाते पाडले होते, एकमेकांपासून कमीजास्त अंतरावर. फोटोत बोट नेमकं तिथेच होतं! पैसे परत मिळवायला पाच आठवडे लागले. दोष असण्याचा मला राग नाही, लपवण्याचा आहे. तेव्हापासून दोन्ही बाजूंचे आणि पूर्ण कडेचे फोटो मागते, बोट न लावता. जो पाठवत नाही त्याच्याकडून घेत नाही.

०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा ही या नऊ महिन्यांतली सर्वांत चांगली खरेदी. त्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता धरायचं. १९४०च्या आधीचा, पूर्ण वजनाचा खरा रुपया १.१३ ग्रॅमच्या आसपास आकडा दाखवतो. आकडा बराच जास्त आला तर धातू हलका आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने हनुमान किंवा रामदरबार छापलेली १८१८ची 'नाणी' दिसली तर पुढे जा, कंपनीने अशी नाणी पाडलेलीच नाहीत. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी कमिशन मागितलं तर तीही फसवणूक. बँकेने २०२१मध्ये तसा इशारा दिला आहे.

नाण्यांना चिंच, लिंबू, पावडर काही लावू नका. काळपटपणा हा नाण्याचा भाग आहे, तो गेला की मूळ पृष्ठभागही जातो. माझी तीन नाणी कुणीतरी अशीच घासलेली आहेत. तिरक्या उजेडात धरली की सगळीकडे बारीक ओरखडे दिसतात. ते ओरखडे ओळखायला शिकले म्हणून आता 'अगदी नवं' म्हणून विकलं जाणारं नाणं फोटोवरूनही पकडता येतं. पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका, हिरवट चिकटा धरतो.

सर्वांत कमी किमतीचं नाणं व्हिक्टोरियाचं, १८६२ साल असलेलं. हे साल पुढे १८७४पर्यंतच्या रुपयांवर तसंच राहिलं. याला आरपार भोक आहे, पण पाडणाऱ्याने ते मुकुटाला धक्का न लावता, अक्षरांच्या मधल्या जागेत पाडलंय. भोकाची एक कड दोऱ्याने झिजून लांबट झाली आहे. विकायला काढलं तर चांदीचेच पैसे येतील. ते मी विकणार नाही.