ग्रीसखालचा इंजिन नंबर आणि माझे ४,९८,२०० रुपये

जुन्या गाड्यांचे एजंट कसे गंडवतात हे नव्याने सांगायला नको. मीटर मागे फिरवतात, अपघाताची गाडी रंगवून उभी करतात. मलाही हे सगळं माहीत होतं. तरी फसलो, आणि संताप अजून उतरत नाही.

माझा जनरेटर भाड्याने द्यायचा धंदा आहे. ६२.५ केव्हीएचा सेट, ट्रॉलीसकट काट्यावर १,९४० किलो. लग्नसराईत तो साताऱ्याहून वाई, पाचगणीपर्यंत ओढून न्यावा लागतो. दरवेळी ट्रॅक्टर लावणं परवडेना, म्हणून डिझेल पिकअप शोधत होतो. एका एजंटाकडे २०१८ चं मॉडेल मिळालं, आरसीवर २५२३ सीसी. "दादा, अडीच लिटरचं इंजिन आहे. दोन टन काय, तीन टन ओढेल."

सौदा ४,३५,००० ला ठरला. २५,००० टोकन, २,१०,००० बँकेतून, २,००,००० रोख. रोखीची पावती "उद्या देतो" म्हणाला, ती आजवर मिळालेली नाही. वर ८,००० कमिशन. एक रुपयासुद्धा रोख देऊ नका.

आता तो क्षण. बॉनेट उघडं होतं आणि मी टॉर्च मारून इंजिन नंबर शोधत होतो. सगळं इंजिन धुऊन लख्ख केलेलं, आणि नेमक्या नंबराच्या जागी ग्रीसचा जाड थर. मी नखाने खरवडलं, तर खाली नुकत्याच घासलेल्या लोखंडाची पांढरी चकाकी दिसली. सात वर्षं वापरलेल्या इंजिनाच्या ब्लॉकवर (लोखंडी सांगाड्यावर) ती कुठून येईल? तेवढ्यात त्याने फडकं पुढे केलं. "हात खराब होतील दादा, आरसीवर आहे की नंबर." मी फडकं घेतलं आणि हात पुसले. अजून दोन बोटं ग्रीस काढलं असतं तर खोटे पंच केलेले आकडे तिथेच दिसले असते. रात्री झोप मोडली की ते फडकंच डोळ्यांपुढे येतं.

मी अडाणी नाही, पंधरा वर्षं डिझेल इंजिनांतच हात घालतोय. पण पाचगणीची ऑर्डर तोंडावर आली होती, दुसरं गिऱ्हाईक टोकन घेऊन निघालंय असा फोन त्याला माझ्यासमोर आला, आणि गाडी नावावर करायचे २९ व ३० नंबरचे फॉर्म त्याच्या बाजूने सह्या करून तयार होते. अशा घाईत कुणीही सही केली असती.

गाडी चालवून बघितली होती, पण रिकामी आणि सपाट रस्त्यावर. रिकामी पिकअप कुठलंही इंजिन पळवतं. तुमची भरलेली ट्रॉली जोडा, चढाला लावा, मगच पैशाचं बोला. नकार दिला तर तिथूनच परत फिरा.

पसरणी घाटात पहिल्या गिअरलाही तिचा दम सुटला. काळा धूर, क्लचचा करपट वास, टेंपरेचरचा काटा लाल रेघेवर. रिसेप्शन रात्री ८ चं होतं, जनरेटर ट्रॅक्टरने ११ ला पोचला. अ‍ॅडव्हान्सचे २२,००० परत केले. क्लचप्लेटला १४,५०० आणि हेड गॅस्केटला १८,७०० गेले.

मेस्त्रीने खोललं तेव्हा कळलं, आत २.१ लिटरचं, मूळचं बिनटर्बोचं जुनं इंजिन बसवलंय. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा भाग, नुसता दाखवायला अडकवलेला, त्याची तेलाची नळी बोल्ट मारून बंद.

सीसी ऐकून गाडी घेऊ नका. ओढ टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या फिरवायच्या जोरात असते, आणि तो किती कमी आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) मिळतो त्यात. १८९८ सीसीचं टर्बो डिझेल ३६० न्यूटन मीटर देतं, तर २५२३ सीसीचं माल पिकअपचं इंजिन २०० च्या आसपास. म्हणजे आरसीवरचं इंजिन खरं असतं तरी "तीन टन" ही थापच होती.

पोलीस स्टेशनला तीन फेऱ्या मारल्या. "व्यवहार तुमच्यात झालाय, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." गाडी टो करून दारात उभी केली होती, पण ब्लॉक बघायला कुणी बाहेरसुद्धा आलं नाही. तक्रार घेतली नाही, पोच दिली नाही. आरटीओत वाटलं, इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी लागते, इथे तरी ऐकतील. खिडकीतला क्लार्क म्हणतो, "गाडी तुमच्या नावावर आहे. इंजिन तुम्हीच बदललं नाही कशावरून?" पैसे माझे बुडाले आणि आरोपीही मीच! नाव चढवताना चासी नंबराची पेन्सिल प्रिंट (कागदावर पेन्सिल घासून घेतलेला ठसा) मागितली होती, इंजिन नंबराकडे तेव्हा यांच्यापैकी कोण वाकून बघत होतं? फी मात्र पूर्ण घेतली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तिथून तक्रारीचा नंबर मिळाला. पुढे काहीच नाही. एजंटाचा फोन बंद आहे, पत्र्याच्या शेडला कुलूप.

इंजिन नंबराचा ठसा स्वतः कागदावर घ्या आणि आरसीशी आकडा न् आकडा जुळवा. पोलिसांनी परत पाठवलं तर तोंडी बोलत बसू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली लेखी अर्ज थेट पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो, आणि तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. मला हे एका वकिलाने दीड महिन्याने सांगितलं. न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) लिहून अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवलाय. इंजिन मेस्त्रीकडे खोलून ठेवलंय, आणि नंबराच्या जागेवर मी ग्रीसचं बोटही लागू देत नाही.