काळी माती की मुरूम? खानदेशात संडासाची टाकी ठरवताना

घर बांधताना देवघर, ओटा, जिना यांवर महिनाभर चर्चा होते आणि संडासाच्या टाकीचा निर्णय गवंड्यावर सोडला जातो. मग तो सांगतो, "भाऊ, टाकी मोठी करू, तळाला काँक्रीट नको, पाणी आपोआप जिरेल." हे मुळीच ऐकू नका. तळ उघडा ठेवलेल्या टाकीत मैला नीट कुजत नाही, आणि तिचं घाण पाणी सरळ आपल्याच बोअरच्या दिशेने निघतं.

खरी निवड दोन गोष्टींत आहे: मैला थेट ज्यांत जातो असे दोन शोषखड्डे, किंवा बंद तळाची सेप्टिक टाकी आणि तिच्यापुढे शोषखड्डा. बाजारात मिळणारी तयार प्लास्टिकची टाकी या दुसऱ्याच प्रकारात मोडते. बांधकामाचे दिवस वाचतात, पण तिच्यातून बाहेर पडणारं पाणी कुठे जिरवायचं, हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून आधी जमीन बघा. जिथे पाणी जिरवायचं तिथे, शोषखड्ड्याच्या खोलीपर्यंत, वीतभर रुंदीचं भोक घ्या. तळाला थोडी खडी टाका, पाण्याने भरा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा पाणी भरून ते २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. ३० मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. ३० ते ६० मिनिटं लागली तर खड्ड्याऐवजी खडी भरलेले लांब चर हवेत. त्याहून जास्त लागली तर ती जमीन पाणी पिणार नाही, टाकीपुढे गाळण टाकी, म्हणजे तिचं पाणी खडीतून गाळणारी टाकी, लागेलच. तापीकाठच्या काळ्या मातीत ही चाचणी एप्रिल-मेमध्ये घाईने केली की हमखास फसवते. भेगांतून पाणी झर्रकन गायब होतं आणि माणूस खूश होतो. पावसाळ्यात तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि शोषखड्डा डबक्यासारखा भरून राहतो. भेगा मिटेपर्यंत माती भिजवा, मगच घड्याळ लावा. साक्रीकडे किंवा धुळ्याच्या आसपास थोडं खोदल्यावर मुरूम लागतो, तिथे काम बरंच सोपं होतं.

दोन शोषखड्डे मला लहान घरासाठी मनापासून आवडतात. जाळीदार विटांचे दोन खड्डे, मध्ये मैला हव्या त्या खड्ड्यात वळवणारं चेंबर, आणि एका वेळी एकच खड्डा चालू. तो भरला की दुसरा सुरू करायचा, पहिला दोन वर्षं झाकून ठेवायचा. मग आत मातीसारखं, वास नसलेलं खत मिळतं. वापराची अट एकच: संडासाचंच पाणी सोडायचं, तेही बेताने. न्हाणीघर, वॉशिंग मशीन जोडलंत तर दोन्ही खड्डे तुंबतात. खड्ड्याचा तळ भूजलाच्या वर किमान २ मीटर हवा आणि विहीर किमान १० मीटर दूर. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात उपशाने पाणी खोल गेलंय, त्यामुळे भूजलाची अट सहज जमते. पण सातपुड्याच्या पायथ्याला गोटे-वाळूचा थर आहे. तिथे पाणी झपाट्याने जिरतं, तशी घाणही झपाट्याने पुढे सरकते. तिथे अंतर वाढवा.

घरात फ्लश असेल, माणसं जास्त असतील, तर सेप्टिक टाकी. पाच जणांसाठी आतून १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याची खोली पुरते. विनाकारण मोठी टाकी बांधून पैसे गाडू नका, तेच पैसे शोषखड्ड्यावर घाला. काळ्या मातीत टाकीच्या भिंतीबाहेर मुरूम किंवा वाळू भरा, नाहीतर फुगणारी माती भिंत दाबते आणि तडे जातात. टाकीतून निघणारं पाणी दिसायला पातळ असलं तरी जंतूंनी भरलेलं असतं. ते जिथे जिरतं ती जागा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर लांब हवी. जळगाव-धुळ्याच्या नव्या कॉलन्यांत ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटवर हे अंतर बसत नाही. तिथे बोअरचं पाणी प्यायला वापरू नका, आणि टाकीचं पाणी उघड्या गटारीत तर अजिबात सोडू नका, शेजारची पोरं तिथेच खेळतात.

महामार्गावर ढाबा किंवा लॉज काढणाऱ्यांनी दोन शोषखड्ड्यांच्या पद्धतीचा विचारच सोडावा. गर्दीच्या दिवसाचे जास्तीत जास्त गिऱ्हाईक धरून दोन कप्प्यांची टाकी करा आणि स्वयंपाकघराचं पाणी वेगळं ठेवा. शेवभाजीच्या तर्रीचं तेल टाकीत गेलं की साय धरतं आणि पुढे शोषखड्ड्याची छिद्रं बुजवतं. भांडी घासायच्या जागेलगत तेल अडवणारं चेंबर बांधा आणि त्यातली साय रोज संध्याकाळी काढा.

टाकीची जागा ठरवताना उपसणारी गाडी तिथवर येईल ना, तिचा पाइप पोचेल ना, हे बघा. झाकण फरशीखाली गाडू नका. दर दोन वर्षांनी गाळ गाडीनेच उपसून घ्या. टाकीत कोणालाही उतरवू नका. आतल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो, आणि सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.