हणजूणला लेटेक्सचा स्कर्ट करून घेतला त्याबद्दल

मी म्हापशाची, ट्रान्स आहे, आणि कपडे शिवायला टाकायचे म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण एका टेलरने भर गिऱ्हाइकांसमोर माप लेडीजचं घेऊ की जेन्ट्सचं असं मोठ्याने विचारलेलं, मी कापड तिथेच टाकून घरी आलेले. म्हणून लेटेक्सचे, म्हणजे पातळ रबराचे कपडे करणाऱ्या हणजूणच्या ह्या छोट्या दुकानाबद्दल लिहायचंच होतं.

चालवणाऱ्या थायलंडच्या, स्वतःला कथोय म्हणवतात, म्हणजे तिकडच्या ट्रान्स बायकांसाठीचा शब्द. तिकडे काहींना हा शब्द टोचतो, काही अभिमानाने मिरवतात, सभ्यपणे बोलायचं तर साओ प्रफेत सोंग, म्हणजे दुसऱ्या प्रकारची स्त्री. आपल्याकडच्या हिजडा शब्दासारखंच, कोण कुठल्या सुरात म्हणतंय त्यावर सगळं. मी त्यांना ताई म्हटलं तर म्हणाल्या पी म्हण, थाईत मोठ्या बहिणीलाही पी आणि भावालाही पीच. केवढं बरं वाटलं! मला वाटायचं तिकडे सगळं मोकळं असेल, पण २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी लग्नाचा हक्क मिळूनही कागदावरचं लिंग बदलून मिळत नाही, पीच्या पासपोर्टवर अजून पुरुषच आहे.

माप घेताना त्यांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं, कंबर कुठे धरायची ते तू दाखव, मी आकडा लिहिते. बस्स, एवढंच.

लेटेक्स शिवत नाहीत, सुईचं भोक पडलं की तिथूनच फाटतं, म्हणून कडा पुसून दोन्हीकडे रबर सोल्युशन लावायचं, पंक्चरवाला लावतो ना तसं, वाळलं की एकावर एक ठेवून रोलरने दाबायचं. माझी शीट ०.४ मिमीची, काळी. अंगाला पावडर लावून सावकाश चढवायचा, नखं कापलेली हवीत, मग वरून सिलिकॉन ऑइल पुसलं की आरशासारखा चमकतो. खोबरेल तेलाचा हात लावू नका, रबर खराब होतं, तांब्या-पितळेचे दागिने टेकले तर डाग पडतो तो जात नाही. उन्हात वाळत घालायचा नाही, कोमट पाण्यात धुवून सावलीत. गोव्याच्या दमटात घाम भरपूर येतो हे धरून चला, मी तो रात्रीच घालते.

दोन आठवडे सांगून चार लागले, आणि दुसऱ्यांदा घातला तेव्हा कमरेची कड बोटभर सुटली, पण पीनी समोर बसवून लगेच चिकटवून दिली, पैसे घेतले नाहीत. पुढच्या महिन्यात ब्लाउज टाकतेय, तांबडा.